साल्बाईचा तह आणि आपलं ठाणं : नाना फडणवीसांनी आणखी थांबायला हवं होतं का?

खाडीकाठ, सोमवार, सकाळी ७:४०

रोज पहाटे फिरायला मी कारागृहाच्या तटाला लागून खाडीकडे जातो. चाळीस वर्षं हाच रस्ता. आत कैदी आहेत म्हणून आपण त्या भिंतीकडे नीट बघतही नाही, पण तोच ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला काढला, पुरा व्हायच्या आत मार्च १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, आणि डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी तोफा लावून आपल्याकडून हिसकावला. त्यानंतर तो परत आलाच नाही. थेट १९४७.

मध्यंतरी बेलापूरहून भाचा आला होता. त्याला हे सांगत होतो तर म्हणाला, "मामा, वडगावला इंग्रज शरण आले होते ना? मग तेव्हाच ठाणं का नाही मागितलं?" मी म्हटलं, मागितलं होतं आणि मिळालंही होतं, कागदावर. जानेवारी १७७९ च्या वडगावच्या करारात १७७३ नंतर घेतलेला सगळा मुलूख परत द्यायचं इंग्रजांनी कबूल केलं. त्यात साष्टी (मुंबईच्या उत्तरेचं मोठं बेट) आली, साष्टीत ठाणं आलं. पुढे मुंबईने आणि कलकत्त्याने तो करार झिडकारला. लढाई आणखी तीन वर्षं चालली. १७ मे १७८२ ला ग्वाल्हेरजवळ साल्बाईला तह झाला. त्यात वसई परत आली, साष्टी नाही.

तह ठरवला महादजी शिंद्यांनी, पण पुण्याचा शिक्का नानांच्या हातात होता. नानांनी तो महिनोन् महिने अडवून धरला आणि शेवटी उमटवला. मला वाटतं त्यांनी आणखी एक वर्ष थांबायला हवं होतं. त्या वेळी इंग्रज सगळीकडून पेचात होते. तुमचं काय मत? अभ्यास असलेल्यांनी लिहावंच, पण इथे राहणाऱ्या प्रत्येकाने लिहावं. गेलं ते आपलं गाव होतं.

मासुंदा, सोमवार, सकाळी ८:०५

विषय काढल्याबद्दल मनापासून आभार. पण एक वर्ष थांबून काय हाती लागलं असतं? लढणारं कोण उरलं होतं?

कल्याणचा सुभा, सोमवार, सकाळी ८:२२

आम्ही कल्याणकर मात्र साल्बाईवर खूश आहोत बरं का. १७८० मध्ये कल्याण इंग्रजांनी घेतलं होतं, ते तहात परत आलं. ठाणेकरांनी आमच्यावर रुसू नये. :)

दप्तरी, सोमवार, सकाळी १०:५०

खाडीकाठ, प्रश्न चांगला आहे, पण क्रम लावल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. लांब होईल, सांभाळून घ्या.

मुंबईच्या इंग्रजांचा डोळा साष्टीवर फार आधीपासून होता. मुंबई म्हणजे तेव्हा छोटं बेट. धान्य, लाकूड, गवत सगळं समोरच्या साष्टीतून यायचं. १७७२ मध्ये त्यांनी मॉस्टिनला वकील म्हणून पुण्याला पाठवलं, त्याच्या कामांत साष्टी-वसई मिळवणं हे एक होतं. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला, पुण्यात दुफळी माजली, आणि त्यातच पोर्तुगीज आरमार आपला जुना मुलूख घ्यायला येतंय अशी बातमी आली. पोर्तुगीजांनी घेण्याआधी आपण घेऊ, म्हणून ते ठाण्यावर चालून आले. म्हणजे ठाणं युद्ध सुरू झाल्यावर गेलं नाही. ठाणं गेलं तिथूनच युद्ध सुरू झालं.

पुढे ६ मार्च १७७५ ला राघोबादादांनी, म्हणजे नारायणरावांचे काका आणि पेशवाईच्या गादीचे दावेदार, सुरतेला तह करून तेच साष्टी-वसई इंग्रजांना लिहून दिलं, बदल्यात फौज मागितली. बारभाईंनी, म्हणजे दादांविरुद्ध एकत्र आलेल्या नानांसह पुण्याच्या कारभाऱ्यांनी, कलकत्त्याच्या इंग्रज सरकारशी बोलणी लावली. कर्नल अप्टन पुरंदरला आला आणि १ मार्च १७७६ चा पुरंदरचा तह झाला. त्यातही साष्टी इंग्रजांकडेच राहिली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

वडगावनंतर राघोबादादा निसटून सुरतेला इंग्रजांकडे गेले. जनरल गॉडर्ड तिथे आला होता आणि तहाचं बोलणं काढत होता. नानांनी त्याला १७७९ मध्ये साफ कळवलं की आधी साष्टी परत करा आणि दादांना आमच्या हवाली करा, मग तहाचं बोलू. साष्टी ही नानांची तहानंतरची आशा नव्हती, ती तहाआधीची अट होती. खाडीकाठ, ठाणं त्यांनी सहज सोडलं नाही एवढं तरी मान्य करा.

१७८० च्या सुरुवातीला नानांनी चौघांची आघाडी उभी केली. हैदरअलीने मद्रासवर जायचं, निजामाने उत्तर सरकारवर (आंध्रचा किनारी मुलूख), नागपूरकर मुधोजी भोसल्यांनी बंगालवर, आणि पुण्याने मुंबई-गुजरात सांभाळायची. असा बेत त्याआधी हिंदुस्थानात कोणी आखला नव्हता. आता या चौघांनी काय केलं ते बघा.

हैदर उतरला. जुलै १७८० मध्ये कर्नाटकात शिरला आणि सप्टेंबरात पोल्लिलूरला इंग्रजांच्या कर्नल बेलीची फौज कापून काढली.

निजामाला कलकत्त्याचा गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जने गुंटूर परत देऊन शांत केलं.

मुधोजींनी मुलगा चिमणाजीला सुमारे तीस हजारांची फौज देऊन कटकपर्यंत पाठवलं, आणि त्याच वेळी हेस्टिंग्जला कळवलं की आम्ही नाइलाजाने निघालोय, काळजी नसावी. फौज रेंगाळत राहिली. हेस्टिंग्जने लाखो रुपये मोजले. बंगालकडे एक गोळी सुटली नाही.

राहिले महादजी. त्यांच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल, आत्ता कामावर निघतोय.

लष्करीबाणा, सोमवार, दुपारी १:१५

दप्तरी सर, सलाम. चौघांत एक लढतो, एक विकला जातो, एक चालल्याचं नाटक करतो. मी सत्तावीस वर्षं फौजेत होतो. सोबतीला येईन म्हणून न येणारा शत्रूपेक्षा महाग पडतो, कारण त्याच्या भरवशावर आपण आपली एक बाजू उघडी ठेवलेली असते.

पण एक गोष्ट राहिली. पुण्याने स्वतःचं काम चोख केलं. गॉडर्डने डिसेंबर १७८० मध्ये वसई घेतली. वसई वाचवायला आलेले रामचंद्र गणेश दुगाडला पडले. दुगाड म्हणजे आपल्या भिवंडी तालुक्यातलं, वज्रेश्वरीच्या वाटेवरचं. कितीजण तिथे उन्हाळी कुंडांवर जातात, त्या शिवारात एवढा मोठा सरदार पडलाय हे कुठे लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

मग फेब्रुवारी १७८१ मध्ये गॉडर्ड भोर घाटात चढला. पुणं दोन मजलांवर. तिथून तो नानांना म्हणतोय, तह करा. आणि नाना काय म्हणाले? हैदरला वगळून तह होणार नाही. शत्रू घाटमाथ्यावर, तरी उत्तर हे! मग परशुरामभाऊ पटवर्धन खाली कोकणात उतरले आणि पनवेल ते घाट ही रसदेची वाट कापली. वर हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर. एप्रिलमध्ये गॉडर्डला माघार घ्यावी लागली. खोपोलीपासून पनवेलपर्यंत त्याला आपल्या लोकांनी अक्षरशः सोलून काढला. चारशेहून जास्त माणसं मारली-जखमी झाली, सामान वाटेत टाकावं लागलं. बक्सारपासून अजिंक्य म्हणवणारी ही फौज पनवेलच्या खाडीला लागली तेव्हा कुठे तिचा जीव वाचला.

म्हणून माझं मत खाडीकाठ यांच्या बाजूने. एवढं जिंकल्यावर साष्टी सोडायची नव्हती.

घाटवाट, सोमवार, दुपारी १:४०

लष्करीबाणा काका, अंगावर काटा आला. आम्ही दर पावसाळ्यात खोपोलीहून खंडाळ्याकडे जुन्या वाटेने चढतो. यंदा तो चढ वेगळ्या नजरेने बघू. तुम्ही येणार असाल तर गट जमवतो.

लष्करीबाणा, सोमवार, दुपारी २:०२

गुडघे परवानगी देतील तिथपर्यंत येईन. वर चहा तुझा.

नवे पनवेल, सोमवार, दुपारी ३:३०

पनवेलमध्ये जन्म गेला आणि गॉडर्ड इथे येऊन थांबला होता हे आज कळलं. शाळेत पहिलं इंग्रज-मराठा युद्ध म्हणजे तहांची यादी. सुरत, पुरंदर, वडगाव, साल्बाई. साल पाठ करा, गुण मिळवा. आपल्या घरापासून दोन किलोमीटरवर काय झालं ते कोणी सांगितलं नाही. फार वाईट वाटलं.

मिठागर, सोमवार, संध्याकाळी ६:१०

ठाण्याचं दुःख सगळ्यांना आहे, उरणचं कोणाला नाही. साल्बाईत साष्टीबरोबर तीन लहान बेटंही इंग्रजांकडे राहिली. घारापुरी, करंजा आणि हॉग बेट. करंजा म्हणजे आमचं उरण. आमच्याकडे आजही 'करंजा' म्हटलं की बंदर, होड्या, सुकी मासळी. त्या तहात आमचीही सही झाली होती हे लिहून ठेवा.

खाडीकाठ, सोमवार, संध्याकाळी ६:३५

मिठागर, चूक झाली. मूळ धाग्यात हे यायला हवं होतं. आता संपादन करता येत नाही, पण तुमचा प्रतिसाद सगळ्यांनी वाचावा.

नर्मदातीर, सोमवार, रात्री ९:२०

स्पष्ट लिहिते, राग मानू नये. ठाणं गेलं ते महादजींमुळे. त्यांनी ऑक्टोबर १७८१ मध्ये कर्नल म्यूरशी परस्पर समेट केला, आपण तटस्थ राहू म्हणाले. पुण्याचा सरदार पुण्याच्या युद्धात तटस्थ! साल्बाईत त्यांना भडोच मिळालं. भडोचचं वचन तर इंग्रजांनी वडगावलाच त्यांना दिलं होतं. ठाण्याच्या बदल्यात भडोच, असा हा सौदा आहे.

दप्तरी, सोमवार, रात्री १०:१५

नर्मदातीर ताई, भडोचबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. पण 'सौदा' हा शब्द मला पटत नाही. महादजींच्या जागी उभं राहून बघू.

ऑगस्ट १७८० मध्ये पॉपमने रात्रीत शिड्या लावून ग्वाल्हेर घेतलं. जो किल्ला घेता येत नाही असं सगळे मानत, तो. १७८१ मध्ये कॅमॅक माळव्यात शिरला आणि सिप्रीकडून पुढे महादजींच्या छावणीवर छापा पडला. म्हणजे लढाई आता त्यांच्या घरात आली होती. हेस्टिंग्जने पुण्याला वाकवण्याचा नाद सोडला आणि जो सरदार नानांना वाकवू शकेल त्याच्या अंगणात आग लावली. महादजी गुजरातेत आणि वडगावला पुण्यासाठीच लढले होते. आता पुणं त्यांच्यासाठी माळव्यात फौज पाठवू शकत होतं का? नाही. पुण्याची फौज भोर घाटात गुंतलेली.

आणि ते नुसते तटस्थ राहून थांबले नाहीत. ते मध्यस्थ झाले. साल्बाईत ते पेशव्यांच्या वतीने बोलले आणि तह पाळला जाईल याची हमीही त्यांनीच दिली. यात त्यांचा मोठेपणा वाढला हे उघड आहे. पण दादांना इंग्रजांनी कायमचं सोडलं, महिना पंचवीस हजारांची नेमणूक घेऊन त्यांनी स्वस्थ बसायचं ठरलं, हेही त्यातूनच झालं. युद्ध ज्यासाठी पेटलं ते गादीचं भांडण तिथे मिटलं. सवाई माधवराव पेशवे म्हणून कायम झाले. नानांच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट होती! पुरंदरावर १८ एप्रिल १७७४ ला जन्मलेल्या त्या बाळासाठी तर बारभाई उभे राहिले होते.

नर्मदातीर, सोमवार, रात्री १०:४०

पटलं, अर्धं. ग्वाल्हेरचं मी विसरले होते. पण महादजींनी साष्टीसाठी जोर लावला नाही हे म्हणणं मी सोडत नाही. भडोच त्यांना जवळचं, ठाणं लांबचं.

पिंपळपार, सोमवार, रात्री ११:३०

पानिपत आठवलं की नाही कोणाला? सदाशिवरावभाऊंचंही हेच. शुजाउद्दौल्यामार्फत तहाचं बोलणं चाललेलं, नजीब ते मोडायला बसलेला, आणि सूरजमल जाट दिल्लीनंतर निघून गेलेला. मित्र गेला, तह झाला नाही, अन्न संपलं, मग १४ जानेवारी.

मासुंदा, मंगळवार, सकाळी ७:१०

पिंपळपार, हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण नाना स्वतः पानिपतात होते. जन्म फेब्रुवारी १७४२ चा, म्हणजे एकोणीस वर्षं पुरी व्हायची होती. आई त्या धामधुमीत बेपत्ता झाली ती पुन्हा सापडली नाही. ते कसेबसे जिवंत परतले. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आत्मचरित्रात ते सगळं आहे. आणि महादजी? तेही पानिपतातूनच आले, पाय कायमचा अधू घेऊन.

आता विचार करा. १७८२ मध्ये तहावर वाद घालणारे हे दोघे, पण 'अजून थोडं थांबू, काहीतरी होईल' याचा शेवट काय होतो ते दोघांनीही तरुणपणी डोळ्यांनी पाहिलेलं. नानांना लोक भित्रा म्हणतात ते मला सहन होत नाही. ज्याने आपली आई रणांगणावर हरवली, त्याला तहाचं मोल कळत असेल तर त्यात भित्रेपणा कुठला?

खाडीकाठ, मंगळवार, सकाळी ८:००

मासुंदा, आज फिरताना तुमचाच विचार करत होतो. मी 'एक वर्ष थांबायचं' असं किती सहज लिहून गेलो.

तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही. १७८२ मध्ये इंग्रजांची अवस्था बघा. अमेरिकेत ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला त्यांची फौज शरण गेली. फ्रेंच दर्यासारंग सफ्रेन १७८२ च्या सुरुवातीला मद्रासकडच्या किनाऱ्यावर आला. पैशासाठी हेस्टिंग्जने बनारसच्या चेतसिंगावर जुलूम केला तर तिथे उठाव झाला. कंपनीचा खजिना रिकामा. हैदर अजून मैदानात. अशा वेळी इंग्रजांना तह आपल्यापेक्षा जास्त हवा होता. ज्याला तह जास्त हवा असतो तो जास्त किंमत देतो. मग ठाणं का नाही दिलं?

कोळीवाडा, मंगळवार, सकाळी ९:४५

खाडीकाठ काका, उत्तर पाण्यात आहे.

आम्ही चेंदणीचे. आमच्या घरात इतिहासाची पुस्तकं नव्हती, पण खाडी कशी वागते ते माहीत आहे. साष्टी हे बेट. एका बाजूला ठाण्याची खाडी, वर वळून घोडबंदरकडून वसईची खाडी, उरलेल्या बाजूला समुद्र. भरतीला पाणी आत येतं तेव्हा ज्याच्याकडे गलबतं त्याचं बेट. चिमाजी आप्पांनी घेतलं तेव्हा किल्ला अर्धवट होता आणि मुंबईकर इंग्रज पोर्तुगीजांसाठी फार धावले नाहीत. १७८२ मध्ये समोर इंग्रज स्वतः, मुंबई हे त्यांचं आरमाराचं घर. घोडदळ कळव्यापर्यंत येईल. पुढे काय, पोहत?

आणि गलबतं का नव्हती? आंग्र्यांचं आरमार होतं ना. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गात इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं, आणि इंग्रजांना बोलावलं होतं पेशव्यांनीच. आपलं भांडण मिटवायला परक्याला आणलं आणि आपलीच तारवं जळाली. ठाणं खरं तर त्या दिवशी गेलं असं मला वाटतं.

मी विटावेकर, मंगळवार, सकाळी १०:१०

जबरदस्त प्रतिसाद! विजयदुर्गावर आलेला वॉटसन तोच ना, जो ठाण्याच्या वेढ्यात मेला?

दप्तरी, मंगळवार, सकाळी ११:००

नाही, दोघे वेगळे. विजयदुर्गाचा अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन १७५७ मध्ये कलकत्त्याला वारला. ठाण्याला पडला तो कमोडोर जॉन वॉटसन. आडनावामुळे घोटाळा होतो.

कोळीवाडा यांचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य. नानांच्या पत्रव्यवहारावर लोक पानंच्या पानं लिहितात, खाडीचं कोणी लिहीत नाही. १७८० साली आनंदराव धुळपांचं पेशवाई आरमार होतं, पण मुंबई बंदरात शिरून इंग्रजांना रोखण्याएवढं ते नव्हतं.

बेलापूरकर, मंगळवार, दुपारी १२:३०

कोळीवाड्यावरून सुचलं. साल्बाईनंतर ठाण्याची खाडी ही सरहद्द झाली, याची कल्पना आहे का कोणाला? अलीकडे ठाणं, कोपरी, मुलुंड इंग्रजांचं. पलीकडे कळवा, विटावा, ऐरोली, बेलापूर पेशव्यांचं. बेलापूरचा किल्ला जून १८१७ पर्यंत मराठ्यांकडे होता. म्हणजे पस्तीस वर्षं दोन राज्यं खाडीतून एकमेकांकडे बघत होती.

मी रोज ठाणे-वाशी लोकलने कामाला जातो. ठाणं सुटलं की गाडी खाडीवर येते, मग विटाव्याकडे उजवीकडे वळते. जेमतेम दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात आपण इंग्रज मुलखातून पेशव्यांच्या मुलखात येतो. आज दारात उभा होतो आणि पुलावर गाडी आली तेव्हा मोबाइल खिशात ठेवला आणि पाण्याकडे बघत राहिलो. आमच्या किल्ले गावठाणातल्या बुरुजावरून तेव्हा कोणीतरी रात्री त्या बाजूचे दिवे मोजत असेल.

मी विटावेकर, मंगळवार, दुपारी १२:५०

म्हणजे माझं घर पुण्याच्या राज्यात आणि सासर कोपरीला इंग्रजांच्या. आता कळलं दिवाळीत तहाची बोलणी का चालतात. :))

नवे पनवेल, मंगळवार, दुपारी १:०५

आणि मध्यस्थ कोण, वहिनी? त्यांना भडोच द्यावं लागत असेल.

आठवणींचा पार, मंगळवार, दुपारी ४:२०

विषयांतर आहे, पण किल्ल्याचं निघालंय म्हणून लिहितो. त्र्यंबकजी डेंगळ्यांना इंग्रजांनी याच ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं होतं. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे सैनिक, म्हणजे कोणाशी संधान बांधता येणार नाही. तर एक मोतद्दार घोडा फिरवत तटाखाली मराठी गाणं म्हणायचा आणि गाण्यातूनच पळून जायची वाट सांगायचा. गोऱ्यांना वाटलं गडी गातोय. सप्टेंबर १८१६ मध्ये त्र्यंबकजी तटावरून निसटले. कुठे गेले असतील? खाडी ओलांडून पलीकडे. बेलापूरकरांनी सांगितलेली सरहद्द तिथे कामाला आली.

त्याच कारागृहात १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं. त्या भिंतीजवळून जाताना मी चप्पल काढतो. लोक बघतात, बघू देत.

लष्करीबाणा, मंगळवार, संध्याकाळी ५:००

पार, तुमच्याबरोबर एकदा चालायचं आहे.

मूळ प्रश्नावर येतो. काल मी साष्टी सोडायची नव्हती असं लिहिलं. कोळीवाडा यांनी माझी बोलती बंद केली. रसदेचं मीच सांगत होतो, आणि बेटाला रसद पाण्यातून येते हे मीच विसरलो. पण मग एक विचारतो. शिवाजी महाराजांनी पुरंदरच्या तहात १६६५ मध्ये तेवीस किल्ले दिले आणि पाच वर्षांत कोंढाण्यापासून परत घ्यायला सुरुवात केली. तह ही त्यांच्यासाठी उसंत होती. साल्बाईनंतर इंग्रजांशी वीस वर्षं शांतता होती. त्या वीस वर्षांत आरमार का नाही बांधलं?

नर्मदातीर, मंगळवार, संध्याकाळी ५:४५

हा खरा प्रश्न! १७८२ चा तह मी आता मान्य करते. १७८२ नंतरचं मला मान्य नाही. महादजी दिल्लीत, नाना पुण्यात, एकमेकांवर नजर ठेवण्यात दहा वर्षं गेली. टिपूशी लढाई, निजामाशी लढाई. खाडीकडे कोणी बघितलंच नाही. आणि १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईला जाऊन इंग्रजांच्या पदरात राज्य टाकलं. साल्बाईत परत मिळवलेल्या त्याच वसईला.

पिंपळपार, मंगळवार, रात्री ८:१५

एक गोष्ट कोणी बोलत नाहीये. हैदर. आपण ठाण्यासाठी हळहळतोय, पण तहात सगळ्यात जास्त फसवला गेला तो हैदर. भोर घाटात नाना म्हणाले हैदरशिवाय तह नाही. सव्वा वर्षात तह झाला, आणि त्यात काय लिहिलं? हैदरने इंग्रजांचा आणि अर्काटच्या नबाबाचा घेतलेला मुलूख सहा महिन्यांत परत करावा, आणि पेशव्यांनी त्याला तसं करायला लावावं. चौघांतला जो एकटा खरोखर लढला, त्यालाच दटावायची जबाबदारी आपण घेतली. मराठी माणूस म्हणून मला याची लाज वाटते.

दप्तरी, मंगळवार, रात्री ९:५०

पिंपळपार, ही सल माझ्याही मनात बरीच वर्षं आहे. म्हणून नानांनी त्या सात-आठ महिन्यांत काय केलं ते सविस्तर सांगतो. मला वाटतं नाना समजायचे तर इथेच समजतात.

मे १७८२ मध्ये साल्बाईला कागद झाला. हेस्टिंग्जने जूनमध्येच मान्यता दिली. नानांनी दिली नाही. महादजींचा तगादा, इंग्रजांचा तगादा, नाना गप्प. आणि आतून त्यांनी हैदरला निरोप धाडला की कृष्णेच्या दक्षिणेचा आमचा मुलूख तू परत दे, मग हा तह आम्ही बाजूला ठेवतो. हा तो मुलूख जो हैदरने आपल्या दुफळीच्या काळात गिळला होता आणि आघाडी करताना आपण त्याच्याकडे राहू दिला होता. म्हणजे नानांनी मित्राला सोडायची तयारी केली होती आणि धरून ठेवायचीही. न वटवलेला तह दोन्ही हातांत धरून ते बसले होते, एक हात इंग्रजांना दाखवत, एक हैदरला.

यात हैदरशी प्रामाणिकपणा होता का? पुरता नव्हता. पण हैदरही आपल्या मुलखावर बसून मैत्री करत होता. आणि जुलै १७८१ मध्ये पोर्टो नोव्होला त्याचा मोड झाल्यापासून त्याच्यात पूर्वीचा जोर नव्हता.

मग ७ डिसेंबर १७८२ ला हैदर वारला. पाठीला झालेल्या दुखण्याने. ती बातमी पुण्याला आली आणि नानांच्या हातातलं सगळ्यात मोठं पान गेलं. फेब्रुवारी १७८३ मध्ये तहाची देवघेव पुरी झाली. टिपूने पुढे मार्च १७८४ मध्ये मंगळूरला इंग्रजांशी स्वतःचा वेगळा तह केला, साल्बाईतली अट त्याने मानली नाही.

खाडीकाठ म्हणतात आणखी एक वर्ष थांबायला हवं होतं. माझं उत्तर असं की नाना थांबलेच होते. ज्याच्यासाठी थांबले तो माणूस गेला.

खाडीकाठ, बुधवार, सकाळी ७:५०

दप्तरी सर, रात्री तीन वेळा वाचलं. शेवटचं वाक्य मनातून जात नाही. माझं मत बदललं. पिंपळपार यांची लाज मात्र तशीच राहू द्यावी असं मला वाटतं. ती पुसली तर हैदरवर दुसऱ्यांदा अन्याय होईल.

एक शंका राहिली. वडगावला साष्टी परत देतो म्हणणारे इंग्रज साल्बाईला कोणत्या तोंडाने नाही म्हणाले? आणि वसई, कल्याण दिलं तर साष्टी का नाही? नुसतं पाण्यामुळे?

दप्तरी, बुधवार, दुपारी १२:४०

पाणी हे कारण, आणि तारीख ही पळवाट. म्हणून तर पहिल्या प्रतिसादात पुरंदरचा तह लक्षात ठेवा म्हटलं होतं. वडगावला हिशोब १७७३ पासूनचा होता, त्यामुळे १७७४ मध्ये घेतलेली साष्टी परत करायच्या मुलखात आली, कागदावर. साल्बाईला इंग्रजांनी हिशोब पुरंदरच्या तहापासून धरला, मार्च १७७६. त्यानंतर घेतलेलं सगळं परत. वसई १७८० ची, कल्याण १७८० चं, दोन्ही आली. ठाणं १७७४ चं, रेषेच्या चौदा महिने आधीचं. पुरंदरला नव्या बाळाचं राज्य सांभाळायच्या घाईत साष्टी त्यांच्याकडे राहू दिली, तीच रेष सहा वर्षांनी आपल्यावर उलटली.

कल्याणचा सुभा, बुधवार, दुपारी १:००

परवा मी थट्टेने लिहिलं होतं. आज वाईट वाटतंय. चौदा महिने!

बेलापूरकर, बुधवार, दुपारी १:२०

रविवारी सकाळी ठाणे स्टेशन, नवी मुंबईच्या फलाटावर जमूया का? साडेसहाची लोकल, विटाव्याच्या वळणापर्यंत सगळे दारात, मग बेलापूर, किल्ले गावठाण. मिठागर, तुम्ही उरणहून थेट बेलापूरला या.

मिठागर, बुधवार, दुपारी १:४५

येतो. सुकट आणतो सगळ्यांना.

आठवणींचा पार, बुधवार, दुपारी २:१०

मी सहाला कारागृहाच्या भिंतीपाशी असेन. खाडीकाठ, तुम्ही असालच. तिथून चालत स्टेशनला जाऊ.

खाडीकाठ, बुधवार, दुपारी २:१५

असेन. भाच्यालाही बोलावतो, प्रश्न त्याचाच आहे.